पस्तिशीनंतरचा पियानो

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातले फोर्ट वर्थ हे शहर एके काळी गुरांच्या बाजारासाठी ओळखले जाई. गेली साठेक वर्षे ते पियानोच्या स्पर्धेसाठीही ओळखले जाते. तिथे दोन स्पर्धा होतात. थोरली जगभर गाजलेली आहे. दर चार वर्षांनी १८ ते ३० वयाचे वादक तिच्यात उतरतात आणि जिंकणाऱ्याची कारकीर्द मार्गी लागते. मला सांगायचे आहे ते तिच्या धाकट्या बहिणीबद्दल. ही १९९९ साली सुरू झाली. तिच्यात भाग घ्यायचा तर मुख्य अटी दोन. वय किमान ३५ हवे. आणि पियानो वाजवणे किंवा शिकवणे हे पोटापाण्याचे मुख्य साधन असता कामा नये.

या अटी पुन्हा एकदा सावकाश वाचाव्यात अशा आहेत. उमेदीचे वय आणि कलेला वाहून घेतलेले आयुष्य या दोन गोष्टींना आपण एरवी मान देतो. इथे त्याच दोन गोष्टींपायी अर्ज बाद होतो. (तिशी ओलांडलेल्या पण पस्तिशी न गाठलेल्या माणसाने कुठे जायचे, याचे उत्तर दोन्ही स्पर्धा देत नाहीत. त्याने तेवढी वर्षे घराचे हप्ते फेडावेत, असा हिशेब असावा.)

२००७, २०११ आणि २०१६ या लागोपाठच्या तीन स्पर्धा जिंकणारे तिघेही वैद्यकीय व्यवसायातले होते. ड्रू मेज हे अलाबामातले नेत्रतज्ज्ञ, क्रिस्टोफर शिह हे मेरिलँडमधले पोटाच्या विकारांचे डॉक्टर, थॉमस यू हे कॅनडातले हिरड्यांवर उपचार करणारे दंतवैद्य. २००२ साली पहिले बक्षीस दोघांत विभागले गेले होते, त्यांतले मायकेल हॉली एमआयटी या संस्थेत संगणकाच्या क्षेत्रात काम करत. दिवसभर लोकांचे डोळे, पोट आणि दात तपासणारी ही माणसे रात्री घरी येऊन शोपँ आणि राखमानिनॉव्ह वाजवतात, आणि असे वाजवतात की मोठ्या सभागृहातले लोक उभे राहून टाळ्या देतात.

मी पेणजवळच्या रामवाडीत राहतो. एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय इथेच आहे. तिथल्या हिशेब शाखेत माझी नोकरी झाली आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी धरण्यात बाकीचा वेळ गेला. पियानोला मी आयुष्यात दोनदाच हात लावला आहे. तरीही २०२२ साली फोर्ट वर्थच्या या स्पर्धेच्या फेऱ्या मोबाइलवर पाहिल्या, आणि तेव्हापासून तिचा मागोवा घेण्याचा नादच लागला. कारण उघड आहे. त्या मंचावर बसलेला मनुष्य आमच्यातला होता. त्याच्यासमोरचे वाद्य तेवढे महाग होते.

पहिल्यांदा शब्दाकडे बघू. इंग्रजीत ज्याला अमॅच्युअर म्हणतात तो शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधले ‘प्रेम करणे’ हे क्रियापद आहे. आपण त्याला ‘हौशी’ म्हणतो. हौस हा शब्द अरबी-फारसीतल्या ‘हवस’चा मराठी अवतार. तिकडे त्याला वासनेचा, हव्यासाचा वास आहे. मराठीत येता येता तो इतका सोज्वळ झाला की आपण हळदीकुंवाचीसुद्धा हौस करतो. पण मुळातला हव्यास अगदीच गेला नसावा. रात्री दोनपर्यंत सप्ताहात पेटी वाजवून सकाळी साताच्या पाळीला हजर होणाऱ्या माणसाकडे पाहिले की तो अर्थ पटतो.

गंमत अशी की या शब्दाची पत काळाप्रमाणे वरखाली झाली आहे. इंग्लंडमध्ये क्रिकेटचे ‘जंटलमेन’ विरुद्ध ‘प्लेअर्स’ असे सामने होत. जंटलमेन म्हणजे पैसे न घेता खेळणारे, प्लेअर्स म्हणजे पगारी. दोघांची मैदानात उतरण्याची दारेही पुष्कळ ठिकाणी वेगळी असत. हा भेद १९६२ साली रद्द झाला. तिथे हौशी म्हणजे वरचा आणि पगारी म्हणजे खालचा. आपल्या नाटकातही तसेच होते. ‘धंदेवाईक नाटक मंडळी’ असे म्हणताना जुन्या पिढीचा सूर थोडा खाली येई. वकील-मास्तरांचे क्लब नाटक करत, ते मात्र प्रतिष्ठेचे. आज उलटे झाले आहे. ‘व्यावसायिक’ म्हणजे सफाईदार, आणि ‘जरा हौशीच वाटलं’ म्हणजे कच्चे. फोर्ट वर्थच्या स्पर्धेचे मूळ नाव ठेवताना संयोजकांनी हौशी या शब्दाच्या आधी ‘असामान्य’ अशा अर्थाचे विशेषण जोडले होते. नुसत्या ‘हौशी’ने भागणार नाही, हे त्यांनाही कळले असावे.

ज्याच्या नावाने ही स्पर्धा चालते तो व्हॅन क्लायबर्न हौशी मुळीच नव्हता. १९५८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॉस्कोतली पहिली चायकोव्हस्की स्पर्धा त्याने जिंकली. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकन पोराला बक्षीस द्यायचे की नाही, याला ख्रुश्चेव्ह यांची संमती घ्यावी लागली, अशी हकीकत सांगतात. न्यूयॉर्कला परतल्यावर त्याची रस्त्यातून मिरवणूक निघाली. १९६२ साली फोर्ट वर्थमध्ये त्याच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. पुढचे मात्र कमी सांगितले जाते. वर्षानुवर्षे तेच दोन-तीन कॉन्चेर्टो गावोगाव वाजवून हा मनुष्य थकला आणि १९७८ मध्ये मैफलींतून बाजूला झाला. सुमारे नऊ वर्षे तो जाहीर वाजवत नव्हता. व्यवसायाने ज्याची हौस दमवली त्याच्याच नावाने हौशी लोकांची स्पर्धा भरावी, हा योगायोग मला तरी बोलका वाटतो.

ही कल्पना मात्र फोर्ट वर्थची नव्हे. पॅरिसमध्ये १९८९ सालीच जेरार बेकरमान यांनी ‘थोर हौशी पियानोवादकां’ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली होती. बेकरमान स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतः पियानो वाजवणारे. तेव्हापासून युरोप-अमेरिकेत अशा स्पर्धा ठिकठिकाणी निघाल्या. फोर्ट वर्थच्या स्पर्धेत २०१६ पासून अंतिम फेरीत पोचलेल्यांना पूर्ण वाद्यवृंदाबरोबर वाजवायला मिळते. पियानोच्या विद्यार्थ्याला हे आयुष्यात एकदा तरी व्हावेसे वाटते. धंद्यातल्या वादकांतल्याही बहुतेकांच्या नशिबी ते येत नाही.

आता मुख्य प्रश्न. नोकरी करणारा माणूस इतके चांगले वाजवू शकतो तरी कसा?

यावर काही भक्कम काम झालेले आहे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या वादकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘दहा हजार तास’ हा मंत्र पुढे लोकांच्या तोंडी बसला तो याच अभ्यासावरून. त्यातला व्हायोलिनवाल्यांचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. पियानोवाल्यांचा भाग कुणी उघडत नाही. तिथे व्यवसायाच्या वाटेवरचे तरुण वादक आणि हौशी वादक यांची सरळ तुलना आहे. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पहिल्या गटाने सरासरी ७,६०६ तास रियाज केला होता, तर हौशी गटाने १,६०६. फरक बरोबर सहा हजार तासांचा.

हिशेब शाखेतल्या माणसाला हा आकडा दिसला की तो भागाकार करणारच. रोज एक तास, खाडा न करता, म्हणजे वर्षाचे ३६५ तास. सहा हजार तास भरायला साडेसोळा वर्षांच्या आसपास लागतात. अठरा अधिक साडेसोळा म्हणजे जवळपास पस्तीस. म्हणजे बाळपणी बऱ्यापैकी शिकलेल्या आणि नंतर रोज एकच तास वाद्याजवळ बसलेल्या माणसाचा साठा, धंदेवाल्याकडे अठराव्या वर्षी असतो तितका, पस्तिशीत होतो. संयोजकांनी वयाची अट हा भागाकार करून ठरवली असे मी म्हणत नाही. पण अट तिथे चपखल बसते खरी.

नुसत्या तासांची बेरीज फसवी असते, हे मात्र सांगितले पाहिजे. एरिक्सन ज्याला रियाज म्हणतात ती आवडीचे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवण्याची मौज नव्हे. चुकणारी जागा शोधायची, तेवढीच हळू लयीत धरायची, सुटेपर्यंत सोडायची नाही. हौशी माणसाचे घोडे इथेच अडते. दिवसभर कचेरीत काम करून आल्यावर आपल्याला रंजन हवे असते. आमच्या मंडळात वीस-वीस वर्षे एकाच अभंगाच्या एकाच जागेवर एकाच प्रकारे घसरणारे वादक मी पाहिले आहेत. त्यांचे तास मोजले तर कुठल्याही उस्तादाला लाजवतील.

राल्फ क्राम्पे आणि एरिक्सन यांनी १९९६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. उतारवयातल्या व्यावसायिक आणि हौशी पियानोवादकांना त्यांनी एकाच कसोट्या लावल्या. प्रतिक्रियेचा सर्वसाधारण वेग दोघांचाही वयानुसार मंदावलेला होता. पण पियानोशी निगडित हालचालींत, ज्यांनी कसून रियाज चालू ठेवला होता त्या व्यावसायिकांची घसरण अगदी थोडी होती; हौशी वादक मात्र तिथेही वयाप्रमाणे खाली आले होते. बोटांचे म्हातारपण काही प्रमाणात आपल्या हातात असते, असा याचा अर्थ. सेवानिवृत्त माणसाला यापेक्षा चांगली बातमी कोणती द्यायची?

इथे वाद्याबद्दल थोडे बोलायला हवे, कारण पियानो आणि पेटी यांच्या पट्ट्या सारख्या दिसतात म्हणून पुष्कळांची समजूत अशी असते की एक आले की दुसरे आलेच. तसे नाही. पियानोच्या ८८ पट्ट्यांतली प्रत्येक पट्टी म्हणजे एक तरफ. ती दाबली की आतली नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर फेकली जाते आणि आघात करून लगेच सुटून मागे येते. पट्टी किती जोरात दाबली याला महत्त्व नाही, किती वेगाने दाबली याला आहे. एकदा आघात झाला की सूर विरत जातो. वादक तो धरून ठेवू शकतो, फुगवू शकत नाही. पेटीत उलटे. पितळी जीभ हवेने थरथरते. भाता चालू आहे आणि बोट पट्टीवर आहे तोवर सूर जिवंत. आस देता येते, दाब वाढवून सूर मोठा करता येतो. पण त्याची किंमत म्हणून डावा हात भात्यावर अडकतो. पियानोवाल्याचा डावा हात स्वतंत्रपणे दुसरे काही सांगत असतो, कधी कधी उजव्याशी भांडतही असतो. माझ्यासारख्याने पियानोसमोर बसायचे म्हणजे आयुष्यभर भाता ओढणाऱ्या हाताला साठाव्या वर्षी शाळेत घालायचे.

पियानो आमच्या भागात आला नाही याला कारण केवळ पैसा किंवा संस्कृती नव्हे. कोकणातली हवासुद्धा आहे. पेण तालुक्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पियानोत दोनशेहून अधिक पोलादी तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण अठरा-वीस टनांपर्यंत जातो. हा ताण लोखंडी चौकट पेलते, पण आवाज येतो तो लाकडाच्या पातळ फळीतून. पावसाळ्यात ती फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात आणि सूर चढतो. हिवाळ्यात फळी सुकते आणि सूर उतरतो. तारांना गंज लागतो, नमद्याला कसर लागते. मुंबईतल्या पियानो बाळगणाऱ्या घरांतून पावसाळ्यात वाद्याच्या पोटात विजेचा बारीक दिवा लावून ठेवण्याची पद्धत होती, ती यासाठीच. शिवाय सूर लावणारा कारागीर वर्षातून दोन-तीन वेळा यायला हवा.

पेटीला यातले काही लागत नाही. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबेंने १८४२ साली हार्मोनियमचे एकस्व घेतले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिचे पाय काढून ती हाताने भाता ओढण्याची आणि मांडी घालून वाजवण्याची केली. गुजरातमधल्या पालिताण्याचे कारागीर तिचे सूर घडवू लागले. डोक्यावर घेऊन डोंगरवाडीवर जाता येते, एकदा लावलेले सूर वर्षानुवर्षे टिकतात, बिघडली तर तालुक्याला दुरुस्त होते. मुंबईत धोबीतलावच्या फुर्तादोच्या दुकानात १८६५ पासून पाश्चात्त्य वाद्ये आणि स्वरलिपीची पुस्तके मिळत आली आहेत. पारशी आणि गोवेकर घरांतून पियानो होते, आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांना मुले बसत. मराठी नाट्य-चित्रसंगीतात पियानो वापरणाऱ्यांत केशवराव भोळ्यांचे नाव ठळक आहे. तेही मुळात वैद्यकीच्या शिक्षणाकडून गाण्याकडे वळलेले. पण धरमतरची खाडी ओलांडून पियानो आमच्याकडे काही आला नाही. पेटीनेच ती जागा घेतली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती पुढे तीस वर्षे टिकली. भजनी मंडळांना त्याचा पत्ताही लागला नाही.

मग फोर्ट वर्थसारखे आपल्याकडे काय आहे? मी म्हणेन, पुष्कळ आहे, आणि नेमके एक नाही.

हौशी मराठी नाट्यस्पर्धा सरकारने १९५४ साली सुरू केली. केंद्राकेंद्रांवर प्राथमिक फेऱ्या, मग अंतिम फेरी. ही चौकट इतकी वर्षे चालली आहे की तिचे नवल वाटेनासे झाले. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिल्यांदा झाले ते प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेतर्फे, याच स्पर्धेच्या निमित्ताने. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. नाना झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. डॉक्टर इथेही आहेत! त्या नाटकात ब्राह्मणांची जी नाचती-गाती रांग पडद्यासारखी उभी राहते, तिच्यातल्या प्रत्येकाला ‘नाइट’ द्यायची ठरवली असती तर कुठल्याच धंदेवाल्या संस्थेला ते नाटक परवडले नसते. व्यवसायाला जे झेपत नाही ते हौस करू शकते, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला आठवत नाही. पियानोतही हे घडते. तिकीट खपण्याची चिंता नसल्यामुळे हौशी वादक विस्मरणात गेलेल्या संगीतकारांच्या रचना काढून बसतात. व्यावसायिकाला तीच ती लोकप्रिय कामे वाजवावी लागतात.

त्याच संस्थेत डॉ. श्रीराम लागूही होते. कान-नाक-घशाचे शल्यविशारद. १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी वैद्यकी सोडून रंगभूमी धरली. फोर्ट वर्थच्या भाषेत बोलायचे तर त्या दिवशी ते अपात्र झाले. लागूंची वाट फार थोड्यांची. नेत्रतज्ज्ञ मेज बक्षीस घेऊनही नेत्रतज्ज्ञच राहिले, आणि स्पर्धेला तेच अभिप्रेत आहे.

कामगार कल्याण मंडळाचे उदाहरण मला आणखी जवळचे वाटते. १९५३ च्या कायद्याने आलेल्या या मंडळाचा निधी जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापला जातो. माझ्याही पगारपत्रकावर ती किरकोळ कपात वर्षानुवर्षे होती. त्या पैशांतून कामगारांच्या नाट्यस्पर्धा होतात, भजनस्पर्धा होतात. एसटीच्या स्वतःच्या आंतरविभागीय नाट्यस्पर्धाही आहेत. चालक, वाहक, मेकॅनिक, कारकून यांनी बसवलेली नाटके. तिथे मंचावर येण्याचा हक्क मिळतो तो तुमच्या नोकरीमुळे. फोर्ट वर्थची दुसरी अट हेच वेगळ्या शब्दांत सांगते: आधी तुम्ही दुसरे काही काम करता हे सिद्ध करा.

गोव्यात कला अकादमीची मनोहरबुवा शिरगावकर यांच्या स्मरणार्थ होणारी भजनस्पर्धा आहे, तिचा दरारा तर वेगळाच. आमच्याकडच्या गावोगावच्या भजनस्पर्धांचे नियमही कडक असतात. ठरावीक मिनिटे, ठरावीक माणसे, रूपाचा अभंग, गौळण, गजर. सूर, ताल, शब्दोच्चार आणि शिस्त यांना वेगवेगळे गुण. पण नाटक असो की भजन, हे सगळे मंडळाचे काम आहे. एकट्या माणसाने समोर बसून, वीस मिनिटे, फक्त स्वतःच्या जबाबदारीवर वाजवायचे, असे त्यात काही नाही.

एकट्याला आपण परीक्षा देतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांना पिकल्या केसांची माणसे नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर बसतात, हे मी पाहिले आहे आणि त्याचा मला आदर आहे. तरी परीक्षा बंद खोलीत होते, श्रोता नसतो. आकाशवाणीची संगीत स्पर्धा १६ ते २४ वयासाठी. वाहिन्यांवरच्या स्पर्धांत मुलांचे कौतुक फार. पंचेचाळीस वर्षांचा, उत्तम पेटी वाजवणारा तलाठी किंवा परिचारिका यांना अख्ख्या सभागृहासमोर, जाणत्या परीक्षकांच्या पुढे, एकट्याने वाजवण्याची जागा कुठे आहे?

अशा जागेचा उपयोग काय, असे विचारणारे भेटतात. हौसेला स्पर्धा कशाला, आनंदासाठी वाजवा की. हे ऐकायला गोड आहे. माझा अनुभव असा की आनंदासाठी म्हणून वाजवणाऱ्याच्या आयुष्यात तारीख नसते. आज कंटाळा आला, उद्या पाहुणे आले, परवा मार्चअखेर. स्पर्धा सगळ्यात आधी तारीख देते. तारीख ठरली की घरचेही ती मानतात. ‘बाबांची स्पर्धा आहे’ म्हटल्यावर संध्याकाळचा तास कुणी मागत नाही. ‘बाबांना वाजवायचंय’ म्हटले तर गॅस सिलिंडर आणायला पाठवतात. आणि बायकांच्या बाबतीत तर या तारखेची किंमत कितीतरी पटींनी जास्त, कारण त्यांचा तास मुळात त्यांचा नसतोच.

दुसरी गोष्ट म्हणजे सूट न देणारे कान. आपल्या माणसांत वाजवताना कौतुक फुकट मिळते. ‘नोकरी सांभाळून एवढं करतात’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यातला पहिला भाग गाळून कुणी काही बोलेल का, याची वाट पाहण्यात हयात गेली. फोर्ट वर्थच्या परीक्षकांत व्यवसायातले नाणावलेले लोक असतात आणि नोकरीचा मुद्दा प्रवेशअर्जापाशीच संपतो. मंचावर सोनाटाचा दुसरा भाग विसरला तर विसरला. असे विसरणारे मी पाहिले; एकजण थांबला, हात मांडीवर ठेवले, आणि अलीकडच्या जागेपासून पुन्हा सुरू झाला. त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते फुकटच्या कौतुकात मिळत नाही.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. तिथल्या स्पर्धकांतले बरेचजण तरुणपणी नामवंत संगीतशाळांत शिकलेले आणि नंतर वैद्यकी-वकिलीकडे वळलेले असतात. त्यांना हौशी म्हणायचे का? जो मुळात खालच्या पायरीवरून चढला त्याच्यावर हा अन्याय नाही का? आपल्या नाट्यस्पर्धांत व्यावसायिक नाटकात वावरणारा नट हौशी संघातून उभा राहिला की हीच कुरबुर होते. माझे मत असे की रेघ कमाईवरच मारावी. शिक्षणावर मारली तर गुरूकडे दहा वर्षे नीट शिकलेल्याला शिक्षा होईल, गुणवत्तेवर मारली तर स्पर्धेलाच अर्थ राहणार नाही. कमाईची रेघ पगारपत्रकावर दिसते. भजनाची सुपारी घेणाऱ्या बुवांचे काय, हा प्रश्न उरेल. त्यातले अर्धेअधिक शेतीवर किंवा कंपनीच्या पगारावर जगतात, तेव्हा मुख्य उत्पन्न कोणते हे पाहिले की झाले.

अशी एक स्पर्धा पेणला व्हावी असे मी मंडळात बोलून ठेवले आहे. एकल पेटी, वय पस्तीसच्या पुढे, प्रत्येकाला वीस मिनिटे: एक राग, एक नाट्यपद किंवा अभंग, आणि उरलेल्या वेळात वाटेल ते. तबल्याची साथ संयोजकांची, म्हणजे कुणी आपला घरचा तबलजी आणून सावरून घेणार नाही. परीक्षक जिल्ह्याबाहेरचे, आणि त्यांना मानधन द्यायचे. फुकट आलेला परीक्षक कौतुक करून जातो. वाद्य ज्याने त्याने आपले आणावे, कारण पेटीचा भाता हा चपलेसारखा असतो, दुसऱ्याचा चालत नाही. दिवसाबद्दल खूप खल झाला. भाद्रपदाच्या आधी हमरापूर-जोहेकडचे कारखाने रात्रंदिवस चालू असतात, तिथले मूर्तिकार आणि रंगारी यांच्यात आमचे निम्मे वादक. दिवाळीनंतर भातकापणी-झोडणी. माघापासून सप्ताह सुरू होतात. शेवटी पौषातला एखादा रविवार बरा, असे ठरत आले आहे. हवा कोरडी असते, पेटीचे सूर साफ बोलतात, आणि पौषात लग्ने नसल्यामुळे मंगल कार्यालय अर्ध्या भाड्यात मिळते.